मामाची गाडी चढावर दमते

नाशिकहून निघताना मी बायकोला, सुमनला, सांगून ठेवलं होतं, "टर्बो डिझेल आहे. कसारा घाट कधी आला नि कधी गेला, कळणारसुद्धा नाही." आणि खरंच कळला नाही. घाट सगळा उताराचा होता, पण श्रेय मी गाडीलाच दिलं.

निघालो होतो भाचीच्या लग्नाला. माझ्या थोरल्या बहिणीचं सासर मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याला. मुहूर्त दुपारचा. अश्विनीला मी एकटाच मामा, त्यामुळे नवरीला मांडवात आणायचा मानही माझाच.

शहापूरच्या अलीकडे महामार्गावर एक साधा चढ लागला आणि गाडीतला जीवच गेला. पाय तळाला टेकला तरी वेग वाढेना. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. मागचे ट्रक हॉर्न वाजवत पुढे गेले. कडेला थांबून इंजिन बंद केलं, पुन्हा चालू केलं, तर गाडी पहिल्यासारखी ठणठणीत!

"बघ, झाली नीट," मी म्हणालो. जणू मीच केली होती.

शहापुरात गॅरेजवाल्याला मी आजार सांगितलाच नाही, थेट औषध सांगितलं. "डिझेल फिल्टर बदला."

"नेमकं कधी होतं, काका?" त्यानं विचारलं.

"फिल्टरच आहे," मी म्हणालो. माझ्याशी वाद घालण्यापेक्षा त्यानं फिल्टर बदलला. तोवर आम्ही गरम बटाटेवडे खाल्ले आणि मी सुमनला फिल्टरचं कार्य समजावून सांगितलं.

किन्हवलीच्या पुढे चढ लागला आणि गाडी पुन्हा बसली. बंद, चालू, ठीक. पुढच्या चढाला परत तेच. तेवढ्यात ताईचा फोन आला. "अरे, भटजी आलेत. कुठं पोचलास?"

"आलोच," मी म्हणालो. त्याच क्षणी पावलीचे (भाताच्या पेंढ्याचे) भारे लादलेला ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून गेला.

सुमन शांतपणे म्हणाली, "अहो, सपाटीवर छान चालते. चढावर तुम्ही जोरात दाबलं की मागून काळा धूर येतो नि मग मरते. फिल्टरला चढ कसा कळतो?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मलाच पटेना.

"चुलीत लाकडं भरपूर नि हवा कमी, की असाच धूर होतो," ती म्हणाली.

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. टर्बोचं काम फुंकर घालायचंच. ती फुंकर वाटेत कुठेतरी निसटत असणार, आणि ती निसटते जोर लावल्यावरच. म्हणजे आवाज ऐकायचा तर गाडी चढावर चालतीच हवी. सुमन चालवायला बसली. मी लग्नाचा नवा झब्बा सावरत, पुढच्या चाकाकडे कान करून गाडीसोबत पळू लागलो.

पुढे भारे आवळायला थांबलेला ट्रॅक्टरवाला आणि त्याची बायको बघत होती. तो ओरडला, "अवो काका, ढकलायची तं मागून ढकला! बाजूनी कशाला पलता?"

"आवाज ऐकतोय," मी धापा टाकत म्हणालो.

"काय बोलते मंग ती?"

त्याची बायको पदर तोंडाशी धरून हसत होती. पण गाडी खरंच बोलली. सुमननं जोर दिला तशी आतून फुस्स करून हवा सुटली, आणि पाय काढताच थांबली.

बॉनेट उघडून चाचपलं. टर्बोकडून येणारा जाड रबरी पाइप खालच्या बाजूनं तेलकट, काळा झाला होता. चिमटीत दाबताच त्याची चीर ओठासारखी उघडली. सोडली की मिटायची, दिसायचीसुद्धा नाही. ट्रॅक्टरवाल्यानं भारे बांधायची ट्यूबची एक लांब पट्टी काढून दिली. "लई दाबू नका. मुरबाडला काय, लग्नालाच पोचाल," तो माझ्या झब्ब्याकडे बघत म्हणाला. सुमननं पाइप पुसला, मी वरून पट्टी ताणून गुंडाळली. चालवायला मात्र तिनं मला बसू दिलं नाही.

मांडवात शिरलो तेव्हा कर्ण्यावरून पुकारा चालला होता, "मुलीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं!" माझे हात मनगटापर्यंत काळे. साबणानं ते फक्त चकाकले. पिवळ्या साडीतली अश्विनी खोलीच्या दारात उभी होती.

"मामा, हे काय?"

"गाडी गं," मी हात पाठीमागे लपवले. "तू पुढे चल, मी नुसता बाजूनं येतो."

"नाय. धर हात." मामासमोर ती एरवी शुद्ध बोलायची. त्या क्षणी गावचं बोलली. "एकटी नाय जायची मी."

तिनं हात पुढे केला. मी धरला. मेंदीवर माझी पाचही बोटं उमटली. अंतरपाटापर्यंत आम्ही तसेच गेलो.

दुसऱ्या दिवशी परत निघालो, नवा पाइप बसवायला हळूहळू शहापूरकडे. सुमन चालवत होती. मला धरायला ना स्टिअरिंग, ना बोलायला विषय. मग खिडकीतून पाहिलं. मोहाखाली बायका टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या. कापणी झालेली खाचरं ऊन पीत पडली होती. मागे सिद्धगड धुरकट निळा दिसत होता. या वाटेनं मी ताईकडे कित्येकदा आलोय. कुणी विचारलं असतं की वाटेत काय लागतं, तर मी चौथा गिअर म्हणालो असतो.