वाढत गेलेला झोका

जूनचा पहिला शनिवार. सोमवारपासून प्राध्यापकांचं प्रशिक्षण आहे, म्हणून वाशीच्या आमच्या कॉलेजच्या लॅबमधले संगणक एकेक चालू करून बघतेय. हे करता करताच सांगून टाकते — घरी नवऱ्यालासुद्धा ठाऊक नाही.

सात वर्षांपूर्वी हे प्रशिक्षण मी पहिल्यांदा दिलं. फिजिक्स संगणकावर कसं शिकवायचं, ते. समोरच्या वीस जणांत आमच्याच विभागाचे म्हात्रे सर होते. करावे गावचे. मला या कॉलेजात त्यांनीच आणलं. हे काम हिलाच द्या म्हणून प्राचार्यांकडे अडून बसले, तेही तेच. माउसला कधी हात लावला नव्हता, पण पुढच्या टर्मपासून संगणकाचं प्रॅक्टिकल घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं. "तू शिकवतेस ना? मग शिकतो."

लंबकाची शीट मी बनवून दिली होती. आकडे भरायचे, आलेख बघायचा. दुपारी सरांनी हात वर केला.

"मॅडम, याचा झोका वाढतच चाललाय. धक्का कोन देतोय?"

मागून कुणीतरी म्हणालं, "सर, करावेच्या खाडीचं वारं लागलं त्याला!"

सगळे हसले. मीही — हो, मीही हसले. आणि म्हणाले, "सर, तुम्ही आकडा चुकीचा टाकलाय. पुन्हा भरा."

न बघता बोलले का? नाही. शेजारच्या बाईंच्या स्क्रीनवरही झोका वाढताना मला दिसत होता, फक्त त्यांचं लक्ष नव्हतं. लंबक आपोआप जास्त उंच जात नाही, हे मला कळत नव्हतं?

सरांनी तीनदा आकडे भरले. मग वहीत हातानं गणित मांडायला घेतलं, अर्ध्यावर वही मिटली. "मलाच जमत नाय."

त्या संध्याकाळी चूक सापडली. माझी. लंबकाची पुढची जागा काढताना नवा वेग घ्यायचा, तिथे मी जुना घेतला होता. एका रकान्यात.

सरांनी ते प्रॅक्टिकल कधीच घेतलं नाही. निवृत्तीच्या दिवशी भाषणात म्हणाले, "या बाईंनी पुष्कळ प्रयत्न केला, माझंच डोकं चाललं नाय." मी टाळ्या वाजवल्या. ज्या माणसानं माझ्यासाठी शब्द टाकला, त्याला मी दगा दिला — आणि त्यानं माझे आभार मानले.

प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलं, तेही सांगते. सगळ्यांच्या आधी लॅबमध्ये गेले. वीसही संगणकांवर तो रकाना दुरुस्त केला. सर आले, बसले, त्यांनी तेच आकडे भरले. झोका होता तेवढाच राहिला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "बघा सर, नीट भरलं की येतं बरोबर."