आईने लस घेतली त्याचं कारण

माझे आईवडील दोघंही ठणठणीत आहेत, हे आधीच सांगून टाकते. रोज सकाळी टीव्हीच्या रिमोटवरून भांडतात आणि मला ते ऐकून बरं वाटतं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत याची काहीच खात्री नव्हती.

तेव्हाही आम्ही इंदिरानगरलाच राहायचो. आईला जुना दमा. आमच्याच जिन्यातून दवाखान्यात गेलेली माणसं परत आली नव्हती, त्यामुळे ती खोकली की मी ऑक्सिमीटर घेऊन धावायचे. लस आली तेव्हा वाटलं, सुटलो. पण आईच्या माहेरच्या, वणीकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत होता : लस घेणारा माणूस दोन वर्षांत मरतो. झालं!

"मला नाय घ्यायची," आईने जाहीर केलं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या पोरांना समजावते तसं आईला समजावलं, कागदावर चित्रं काढून दाखवली. मग ओरडले. शेवटी रडलेसुद्धा. ती मेथी निवडत सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तुझं खरं असंल गं. पण मला नाय घ्यायची." त्या ग्रुपमधल्या एकेकाला धरून बदडावं, असा संताप यायचा.

बाबा अंबडला एका कारखान्यात होते. तिथे फर्मान निघालं, लस घेतल्याशिवाय गेटच्या आत यायचं नाही. बाबा घरी न सांगता परस्पर जाऊन लस घेऊन आले. आईने घर डोक्यावर घेतलं. बाबा नुसते हसत होते. संध्याकाळी त्यांना थोडी कणकण आली, तेव्हा त्यांच्या कपाळावर पट्ट्या ठेवताना ती रडली.

आठवडाभराने कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "माझंबी नाव लाव."

माझ्या चित्रांचा गुण आला म्हणून मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. तिचं मन फिरायच्या आत स्लॉट मिळावा म्हणून मोबाइल हातातून सोडला नाही.

महापालिकेच्या शाळेत केंद्र होतं. बाबाही बरोबर आले. आईने दंड पुढे करून डोळे घट्ट मिटले, सुई टोचली गेली आणि माझा जीव भांड्यात पडला. किती दिवसांनी मी मोकळा श्वास घेतला असेन! मग अर्धा तास थांबायला आम्हाला एका वर्गात बसवलं. खुर्च्या लांब लांब मांडलेल्या होत्या.

"आता पटलं ना तुला, काही होत नाही ते?" मी विचारलं.

"कुठं पटलं? दोन वर्सांनी मरतंच माणूस."

"मग घेतलीस कशाला?"

एवढं शिकूनही पोरगी ढच राहिली, अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं. "ह्यांनी घेतली ना. हे गेल्यावर मी एकलीनं मागं राहून काय करू?"

बाबांनी हसायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. मग ते उठले, आपली खुर्ची उचलली आणि आईच्या खुर्चीला चिकटवून बसले.

"काका, अंतर ठेवा!" नर्सबाई दारातूनच ओरडल्या.

"असू द्या, ताई," बाबा म्हणाले आणि जागचे हलले नाहीत.