वरच लावा, आत नको

माणूस गेल्यावर लोक सरळ बोलत न्हाईत. त्या दिवशी मी विहिरीवरची जळालेली मोटर घेऊन जिंतूरला गेलो होतो. दुकानात बसलो असताना धाकट्या भावाचा फोन आला, वहिनीला जरा बरं न्हाई, घरी या. जरा म्हणजे किती, असं विचारलं तर म्हणला, तुमी या. मग चुलत्याचा फोन, मग सरपंचाचा. सगळ्यांचं एकच, तुमी या. एवढे लोक एकदम बोलवायला लागले म्हणजे काय झालं, हे चौथी शिकलेल्या माणसालाबी कळतं. एसटीत बसून माझ्या डोक्यात एकच यायलं, ह्यांच्यापेक्षा कौसल्या बरी. तिला जमलं असतं तर तिनंच फोन करून सांगितलं असतं, मी मेले, पण मोटर घेऊनच या, दुसरा हेलपाटा नको.

दोन महिने झाले. जो येतो तो सांगतो, लक्ष्मी होती, शांत होती, कधी आवाज चढवला न्हाई. कुणाबद्दल बोलायलेत हेच मला कळत न्हाई. माझी बायको सारा जन्म माझ्याशी भांडली, आणि तिचं सगळ्यात मोठं भांडण झालं ते एका लॅपटॉपशी. तेच लिहितो. कारण त्यात चूक माझी होती, आणि ते मी तिच्यापाशी कधी बोललो न्हाई.

कौसल्या दहावी झालेली. पन्नाशीनंतर परभणीला जाऊन कॉम्प्युटरचा क्लास केला. पुण्याच्या लेकीनं आपला वापरलेला लॅपटॉप तिला दिला, तेव्हापासून आसपासच्या गावातल्या पोरींचे लग्नाचे बायोडाटा ती टायपून द्यायची. आईबाप सांगायचे, लिहा, गृहकृत्यदक्ष. ही म्हणायची, भांडी घासता येतात हे काय छापायचं, पोरगी काय शिकलीय, तिला काय आवडतंय ते सांगा. मग आईबाप पोरीकडं बघायचे, जसं काय पहिल्यांदाच बघायलेत.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात लॅपटॉप बंद पडला. परभणीच्या सलीमभाईनं दुकानात उघडून बघितला आणि सांगितलं, डिस्क गेली भाभी, आतलं काही मिळणार न्हाई. आत चौदा पोरींचे बायोडाटा होते, आणि येत्या रविवारी परभणीत वधूवर मेळावा. सलीमभाई त्याच दिवशी भाचीच्या लग्नाला हैदराबादला निघालेला. त्यानं नवी डिस्क दिली. डिस्क म्हणजे बोटभर लांबीची पट्टी, एका टोकाला सोनेरी दातरं. सोबत एक पेनड्राइव्ह दिली, ती लावून आतलं सगळं नव्यानं भरायचं म्हणला. एकच स्क्रू हाय भाभी, फिकर करू नका.

घरी आल्यावर तिनं पट्टी ताटात काढून ठेवली आणि तो स्क्रू फिरवायला बारका पेचकस मागायला शेजारी गेली. तेवढ्यात मी माझं काम केलं. आमच्या घरात मोटर असो, फवारणीचा पंप असो का शिलाई मशीन, हळदकुंकू लावल्याबिगर चालू होत न्हाई. तिनं बजावलं होतं, आधी चालू होऊ द्या, मग करा पूजा. पण आधी काम आणि मग पूजा, ही कुठली रीत? मी हळदकुंकू पाण्यात कालवलं. बैलाला कपाळावर लावतेत, मोटरला पुढून लावतेत. ह्या पट्टीचं सोनेरी टोक हेच तोंड असणार, असं धरून तिथं बोट टेकवलं. मग तिला दिसू नये म्हणून धोतराच्या सोग्यानं पुसलंबी. पुसलं ते सगळं दातऱ्यांच्या फटीत गेलं, हे मला काय ठाऊक.

पुढचे चार दिवस घरात दुसरा विषय न्हाई. पेनड्राइव्ह लावली की पडदा उजळायचा, भाषा विचारायचा, आणि कुठं भरायचं म्हणून पुढं डिस्कची यादी दाखवायचा ती रिकामी. पट्टी काढून परत बसवली की यादीत दिसायची. मग चाळीस टक्क्यापर्यंत जायचं, तिथं बंद पडायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून भाषा विचारायचं. ती म्हणायची, सांगितली न्हाई का मघाशी भाषा, मेल्या, किती वेळा सांगू. सलीमभाईला भर वरातीत फोन लावला. बँडच्या आवाजात तो ओरडून सांगायचा, पेनड्राइव्ह दुसऱ्या बाजूला लावा, निळ्या पडद्यावर जाऊन अमुक बदला, बॅटरी काढून ठेवा. तिनं सगळं केलं. क्लासमध्ये जाऊन पेनड्राइव्हसुद्धा नव्यानं भरून आणली. परत चाळीस टक्के, परत भाषा. भाजी करपली, दूध उतू गेलं, तिचे डोळे लालभडक झाले.

तिसऱ्या दिवशी मी वैतागून म्हणलो, हातानं लिहून दे की, कुणाचं काय अडायलंय.

"अडायलंय," ती म्हणली. "त्या पोरीचं स्वतःचं म्हणून काही छापून येतंय ते एकदाच. लग्नानंतर ती ह्याची बायको आन त्याची आई. तुमाला न्हाई कळायचं."

मी उठून गोठ्यात गेलो.

चौथ्या दिवशी सलीमभाई म्हणला, खोडरबरनं सोनेरी दातरं घासून बघा, मळ असेल. तिनं मला दुकानात पिटाळलं. मी खोडरबर आणून दिलं. खिडकीपाशी उजेडात माझ्याकडं पाठ करून ती लय वेळ घासत बसली. पट्टी बसवली, आणि अर्ध्या तासात सगळं भरून झालं. चाळीसबी गेले आणि शंभरबी झाले.

"काय झालं होतं?" मी विचारलं.

"मळ होता."

"कशाचा?"

"घरचाच," म्हणली, आणि टायपायला बसली.

रविवारी चौदा कागद पिशवीत घालून ती मेळाव्याला गेली. मागं मी ते खोडरबर उचलून बघितलं. एक कोपरा लाल-पिवळा झालेला... चार दिवस ती ज्याच्याशी भांडत होती ते यंत्र नव्हतंच. ती आली की सांगायचं, असं ठरवलं. ती आली, पाय दुखायलेत म्हणली, कुणाच्या पोरीला किती जणांनी विचारलं ते सांगत बसली. मी म्हणलो, चहा टाकू का? बस्स, एवढंच.

मागच्या वर्षी खंडेनवमीला मी विळे, पंप, मोटरचा स्टार्टर असं सगळं पुजायला मांडलं होतं. तिनं आतून लॅपटॉप आणून शेजारी ठेवला, मिटलेला. कुंकवाचा करंडा माझ्यापुढं धरला.

"वरच लावा," म्हणली. "आत नको."

माझ्याकडं बघितलं न्हाई, पण ओठाचा कोपरा हलायलेला. तेव्हा तरी बोलायचं होतं. इतका सरळ मोका माणसाला पुन्हा मिळत न्हाई. मी म्हणलो, नारळ कुठाय?

ती गेली त्या दिवशी बायांनी तिला न्हाऊ घालून हळदकुंकू केलं आणि तोच करंडा माझ्यापुढं धरला. तुमी लावा म्हणल्या. मला तिचं ते 'वरच लावा' ऐकू आलं आणि हात वर उचलेना. लोकांना वाटलं, म्हातारा खचला.

परवा खंडेनवमी झाली. भावजय म्हणली, वर्षाच्या आत सण करायचा नसतोय. मी म्हणलो, सण कुठं करायलोय, मशीन पुजायलोय. लेक म्हणते, लॅपटॉप पुण्याला पाठवा, आईचं आतलं सगळं काढून घेते. पाठवीन, घाई काय. त्याचा पासवर्ड मला ठाऊक न्हाई आणि उघडून मला काय वाचायचंय? झाकणावर मागच्या वर्षीचा डाग अजून होता, त्यावरच नवं बोट टेकवलं. लॅपटॉप त्याच्या बॅगेत परत ठेवताना बारक्या कप्प्यात काहीतरी लागलं. ते खोडरबर. कागदात गुंडाळून ठेवलेलं, लाल कोपरा होता तसा.

टाकून द्यायची वस्तू तिनं जपून ठेवली, आणि मला एक शब्द बोलली न्हाई. बोलली असती तर भांडलो असतो, मोकळा झालो असतो. हिला सगळ्या जगाशी भांडता आलं आणि नेमकं इथंच गप्प बसायचं सुचलं.

"ते मी लावलं होतं," मी म्हणलो. मोठ्यानं म्हणलो, घरात कुणी नव्हतं. मग खोडरबर होतं तसं गुंडाळून तिथंच ठेवलं आणि बॅगेची चेन ओढली.