डब्याखालच्या चिठ्ठ्या

हिंदी मुलखातल्या आमच्या नानाखेड्याच्या घरी बसून मी एका कंपनीसाठी कॉम्प्युटरच्या मेमरीचं सिम्युलेटर लिहीत होते, म्हणजे खऱ्या मेमरीची हुबेहूब नक्कल. प्रोसेसर काहीतरी मागतो, ती मागणी मधल्या टप्प्यांतून, प्रत्येकाची खूण अंगावर घेत, मेमरीपर्यंत जाते आणि उत्तर त्याच वाटेने परत येतं. माझं उत्तर मात्र अर्ध्या वाटेत बेवारशासारखं उभं राहायचं. आपल्याला कुणी मागवलं, हेच त्याला ठाऊक नसायचं. चार वाजता साहेबांना ऑनलाइन दाखवायचं होतं आणि चाललं नाही तर अजून कच्चीच असलेली नोकरी जाणार होती. रडू फुटायचंच बाकी होतं, म्हणून मी सकाळपासून सगळ्यांवर खेकसत होते.

आमच्या कॉलनीत डबा रिकामा परत जात नाही. त्यात आईची शिस्त अशी की शेजारचा डबा भरून पुढे तिसऱ्या घरी पाठवायचा, तर मूळ मालकाच्या चिठ्ठीवर आपली चिठ्ठी चिकटवायची. डबा परत आला की आपली काढायची, खालची वाचायची आणि तिकडे धाडायचा. त्या दिवशी नुकत्याच रिटायर झालेल्या बाबांना मदतीची हुक्की आली. त्यांनी सगळे डबे घासले आणि चिठ्ठ्या थरांसकट गरम पाण्याने खरवडून काढल्या. मग आईने त्यांत लाडू भरून अंदाजानेच सहा घरी डबे वाटले.

तीनच्या सुमाराला समोरच्या घरातल्या भाभी दारात उभ्या राहून आईला म्हणाल्या,

"लड्डू तो बढ़िया हैं भाभी, पर डब्बा हमारा नहीं है."

आई बाबांकडे वळली. "अहो, आपली चिठ्ठी काढायची होती. दुसऱ्यांची कशाला काढलीत?"

मी ताडकन उठले. माझ्या सिम्युलेटरातला मधला टप्पा अगदी हेच करत होता. उत्तर परत आलं की स्वतःच्या खुणेबरोबर आधीच्यांच्याही खुणा पुसून टाकायचा. दोन ओळी बदलल्या आणि पावणेचारला पहिलं उत्तर मागणाऱ्यापर्यंत सुखरूप पोचलं.

चार वाजता साहेबांनी ते बघितलं. सोमवारपासून नोकरी पक्की, एवढंच म्हणाले. मी बाहेर येऊन जाहीर केलं की नोकरी बाबांच्या चुकीमुळे वाचली. तासभर पेपरामागे लपलेले बाबा छाती फुगवून आईकडे बघायला लागले.

आईने त्यांच्या हातात पिशवी दिली. "छान झालं. आता सहाही घरी जा, डबे गोळा करा, आणि सबको सॉरी बोलना."

बाबा गेले. सहाही घरी त्यांनी माझ्या नोकरीचं सांगितलं, आणि डब्यांचं विचारायचं राहूनच गेलं.