पतंगाच्या नस्तीतला ड्रोन

नव्या तंत्रज्ञानाचे नियम सरकार कसे करतं, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. तरी सांगतो. निदान एक नियम कसा झाला हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण तो मी केला. दुपारच्या चहाच्या आत केला.

मी आमच्या शहरातल्या एका सरकारी कार्यालयात अव्वल कारकून आहे. तेव्हा गावोगावी ड्रोनची अफवा उठली होती. आभाळात दिवे दिसतात, चोर वरून घरं हेरून जातात, असं लोक सांगत. गावकरी काठ्या घेऊन गस्त घालू लागले, तसं साहेबांनी मला आत बोलावलं. "ड्रोनवर मनाई आदेश काढायचाय. चारपर्यंत मसुदा द्या."

ड्रोन मी पाहिलाच नव्हता. ड्रोनला दिसलेलं माझं टक्कल मात्र भाच्याच्या लग्नाच्या व्हिडिओत पाहिलं होतं.

आमच्याकडे नवीन काही लिहायचं म्हणजे आधी जुनी नस्ती, म्हणजे फाइल, शोधायची. नवीन वाक्य दिसलं की प्रत्येक टेबलावर शंका निघते; जुन्या वाक्याला कुणी हटकत नाही. उडणाऱ्या वस्तूंची आमच्याकडे एकच नस्ती होती, संक्रांतीच्या पतंगांची आणि नायलॉन मांजाची. ती उघडली आणि संगणकाला सांगितलं, जिथं जिथं 'पतंग' असेल तिथं 'ड्रोन' कर. त्यानं मुकाट्यानं केलं. 'मांजा' तेवढा मी हातानं काढला आणि स्वतःच्या चाणाक्षपणावर बेहद्द खूश झालो. सव्वातीनला मसुदा साहेबांपुढे होता, साडेतीनला सही.

संध्याकाळी आदेश बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "तुम्हाला मिक्सरचं झाकण नीट बसवता येत नाही, आणि तुम्ही ड्रोनचे नियम करता?"

"धोरण वेगळं, मिक्सर वेगळा," मी म्हणालो. हे मी खरंच म्हणालो.

काही दिवसांनी एक बाई कार्यालयात आली. सोयगावकडची, पस्तिशीची, पहाटेची एसटी धरून आलेली. तिच्या बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळाला होता. रीतसर प्रशिक्षण घेऊन, परवाना काढून ती आसपासच्या कपाशीवर औषध मारायची. आता पोलिसांनी आमचा आदेश दाखवून तो ड्रोन उचलून नेला होता. तिनं परवाना आणि आदेश दोन्ही माझ्या टेबलावर ठेवले.

"साहेब, ह्यात लिवलंय, ड्रोन उडविणाऱ्या पाल्याच्या पालकांना बोलवून समज द्यावी. माझा बाप तर वारला. सासऱ्याला आणू का?"

मी खोकलो.

"आन् गच्चीवरून उडवू नये म्हणं. आमच्या शिवारात गच्ची कुठंय? ते जाऊ द्या. पण हे बघा." तिचं बोट शेवटच्या कलमावर टेकलं. जप्त केलेले ड्रोन सात दिवसांत जाळून नष्ट करावेत. "आज पाचवा दिवस हाय, साहेब. ठाण्यातले साहेब म्हणतेत, कागदावर हाय ते करावंच लागंल. घरच्यांची बोलणी खाऊन शिकले मी हे. जाळला तर पुन्हा कोण देतंय?"

मांजा आम्ही असाच जाळायला सांगतो.

"लिवला कुणी हा आदेश?" तिनं विचारलं.

"वरून आलाय," मी म्हणालो. माझ्या वर फक्त पंखा होता.

तिला बाहेरच्या बाकावर बसवून मी टिपणी लिहायला घेतली. अशा वेळी आम्ही 'नजरचुकीने' असं लिहितो. त्या शब्दानं कितीतरी नोकऱ्या तारल्या आहेत. पण मी नजर टाकलीच कुठं होती? जुन्या आदेशाची नक्कल करताना माझ्याकडून चूक झाली, असं सरळ लिहिलं आणि साहेबांपुढे जाऊन उभा राहिलो. त्यांनी सगळं वाचलं. मग दाराकडे बघत हळूच म्हणाले, "मी पण वाचला नव्हता."

शुद्धिपत्रक काढायचं ठरलं. पण त्यात लिहायचं काय? पुन्हा नस्ती उघडायचा धीर होईना, म्हणून वही घेऊन बाकाकडे गेलो. तिनं बोटांवर मोजत सांगितलं: परवाना असंल त्याला सूट द्या, शेतावरच उडवा, उजेडातच उडवा, आधी गावात कळवा. मी शब्द थोडे सरकारी केले, बाकी तसंच घेतलं. म्हणजे हेही मी उतरवूनच काढलं, फक्त या वेळी जिला कळतं तिच्याकडून. साहेबांनी सही करून ठाण्यात स्वतः फोन लावला.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. ड्रोन परत मिळाला होता, फवारणी सुरू झाली होती.

"तुमच्यावानी माणूस तिथं बसलाय म्हणून वाचला, साहेब. पण ज्यानं तो पैला कागद लिवला ना, त्याला एकदा आमच्या शिवारात धाडा. मारणार नाय त्याला. निस्तं दाखविते, हे काय असतंय ते."

सांगून टाकावं, असं अगदी ओठांवर आलं होतं. लाज वाटली, फार वाटली.

"बरं," मी म्हणालो, "सांगतो त्याला."