चूलबंद आवतण

लग्नाला सहा महिने झाले नव्हते, तेव्हा मी सगळी गल्ली सासरी जेवायला बोलावून ठेवली होती. कुणालाही न विचारता.

परवा नगरला कॉलेजात शिकणारी नात वैतागली होती. "आजी, इंग्रजीत 'टेल' म्हणजे सांगणं. पण निरोप सांगायला वेगळा शब्द, गुपित फोडायला वेगळा, काम सांगायला वेगळा. किती ध्यानात ठेवू?"

मी म्हटलं, "बाई, तुझे नुसते मार्क जातील. मी तर असल्याच सांगण्यात नणंदेचा साखरपुडा घालवला असता!"

आमच्या पाथर्डीकडं जेवणाचं सांगणंही दोन तऱ्हांचं. 'घरटी एक' म्हणजे घरातून एकानंच यायचं. 'चूलबंद' म्हणजे लेकराबाळांसकट सगळ्यांनी यायचं, त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही. सासूबाईंनी मला घरटी एक सांगायला धाडलं. पण नवी कोरी साडी, डोक्यावर पदर, आणि माझ्या तोंडून 'एकानंच या'? पहिल्याच दारात मी ऐटीत म्हणाले, "चूलबंद हाय बरं का!" ती म्हातारी म्हणाली, "लई मोठ्या मनाची सून!" झालं. पुढची वीस दारं मी फुगतच फिरले.

साखरपुड्याच्या सकाळी सासूबाई माळवदावर चढल्या, तर गल्लीत एकाही घरातून धूर निघत नव्हता. तशाच खाली आल्या. "काय सांगून आलीस गं?"

मी खरं ते बोलले. आमटी-भात बेताचाच शिजला होता आणि नवरदेवाकडच्या मंडळींची जीप वाटेला लागली होती. नणंद हळदीकुंकवाचं ताट मांडीवर घेऊन रडायला लागली.

मी अनवाणीच पळाले. पुन्हा तीच दारं. "चुकलं माझं. घरटी एकच सांगायचं हुतं. फुशारकी मारली मी."

"आता गं! आमी तर कालपासनं पोट रिकामं ठिवलंय की!" बाया खिदळल्या, पण चुली पेटल्या. दुपारी घरटी एकच माणूस आलं, आणि प्रत्येकाच्या हातात फडक्यात बांधलेल्या गरम भाकरी. पाहुणे पोटभर जेवले, नणंदेला कुंकू लागलं.

आता पत्रिका मोबाईलवर येतात. तरी गल्लीत कार्य निघालं की दारोदार सांगायला अजून मलाच बोलावतात. त्याची सुरुवात त्या संध्याकाळी झाली. मी मान खाली घालून भांडी घासत होते, तेव्हा सासूबाई शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "चुकले म्हनून सांगाया त्याच दारात परत जायला छाती लागती. हितनं म्होरं आपल्या घरचं सांगनं तुझ्याकडं. फकस्त काय सांगनार, ते आदी मला सांगून जात जा."