नटाला दर्यापूरला धाडलं ती जागा

आमच्या मामेसासऱ्यांच्या वऱ्हाडात एकाही जागेला स्वतःचं नाव नाही. अकोल्याचं स्टेशन म्हणजे एका क्रिकेटवाल्याने त्यांना "जरा सरका" म्हटलं ती जागा. अमरावतीचा बसस्टँड म्हणजे कुणी गायिकाबाई उसाचा रस प्यायल्या ती. एकदा मी तापाने फणफणलेला असताना त्यांना डॉक्टरचा पत्ता विचारला. म्हणाले, "जवाईबापू, थ्या खलनायकाले शिंक आली होती ना, त्याच्या समोरच." शिंकेची जागा शोधत मी अमरावतीभर फिरलो आणि पोचेपर्यंत ताप उतरला. बरं, या जागा एका जागी राहतील तर शपथ! तीच शिंक दिवाळीत अकोल्याला गेली होती. मी हटकलं तर मलाच म्हणाले, "तुमी काहून गोंधळून राहिले?"

त्यांची सगळ्यांत लाडकी जागा मूर्तिजापूरजवळची. मामा-मामी अमरावतीला घरी परतायला एसटीची वाट बघत उभे असताना एका नटाने गाडी थांबवून अमरावतीचा रस्ता विचारला. मामाजी इतके हरखले की त्यांनी त्याला सरळ दर्यापूरच्या रस्त्याला लावून दिलं. मामी सिनेमा बघत नसत. त्यांनी "धर रे बाबू" म्हणून बोरांची पिशवी नटाच्या हातात दिली, पदर सावरला, पिशवी परत घेतली आणि त्याला मूठभर बोरं दिली.

मामींना जाऊन वर्ष झालं त्या दिवशी मामाजींनी मला गाडी काढायला लावली. त्यांना त्या जागेवर एकदा उभं राहायचं होतं. रस्ता आता चौपदरी झालाय, कडुनिंब गेलेत. मामाजी चार ठिकाणी "हेच थे!" म्हणून उतरले आणि चारही वेळा "नाई, हे नोय" म्हणून परत बसले. इतक्यांदा गाडी वळवून आपण अकोल्याकडे चाललोय की अमरावतीकडे, हेच मला कळेना. शेवटी एका रसवंतीवर थांबून, हिरोने गाडी थांबवली होती ती जागा कुठली, असं विचारलं.

"कोनता हिरो होता, बाबा?" रसवंतीवाल्याने विचारलं.

मामाजींनी तोंड उघडलं आणि नाव येईना. माझ्याकडे बघितलं. मला त्यांनी दर वेळी निराळंच नाव सांगितलेलं, मी काय बोलणार!

"हिरो राहू द्या," मामाजी हळूच म्हणाले. "लुगडं हिरवं होतं. गाडी गेल्यावर लय हासली थे. म्हने, सोताच्या गावचा रस्ता नाई येत काय तुमाले?"

रसवंतीवाल्याने क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. "मंग इथंच असन," तो म्हणाला.

मामाजी तिथे बराच वेळ उभे राहिले. दर्यापूरचा फाटा कितीतरी मागे राहिला होता, हे मला तेव्हा समोरची पाटी वाचून कळलं. मी दोन ग्लास रस सांगितला.

परवा अकोल्याहून येताना मी त्याच रसवंतीवर थांबलो. उशीर झाला म्हणून बायकोने विचारलं, कुठे थांबला होतात?

"मामी हसल्या होत्या ना," मी म्हणालो, "तिथे."